म्हातारा बोका आणि साखर

महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते गावात मांजरं बहुधा बाहेरच मुततात, त्यामुळे लघवी वाढल्याचं घरात कुणाला कळत नाही. पाणी पिणं मात्र दिसतं. सुकट-भातावर पोसलेला म्हातारा बोका न्हाणीतल्या बादलीत सारखा तोंड घालू लागला, तर मधुमेहाची शंका घ्यावी. दिवसाला वजनाच्या किलोमागे १०० मिलीहून जास्त पाणी म्हणजे नक्कीच जास्त. वाढलेली साखर लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून ही तहान. पेशी मात्र उपाशी, त्यामुळे भरपूर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागतो. मागचे पायही बघा. बोटांवर चालणारं मांजर टाचा टेकून चालू लागलं, तर नसांना इजा झालेली असू शकते. ७ वर्षांपुढचे, खच्ची केलेले, जाडे बोके मधुमेहात जास्त सापडतात.

मूत्रपिंडाचे, थायरॉइडचे आजारही असेच दिसतात. शिवाय घाबरलेल्या मांजराची साखर एरवीही चढते, तेव्हा घरातल्या आजोबांच्या ग्लुकोमीटरवर निदान नको. रक्त आणि लघवी पशुवैद्यकाकडूनच तपासून घ्या. आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या तर मुळीच देऊ नका. इन्सुलिन लवकर सुरू झालं, तर काही मांजरांचं ते पुढे बंदही करता येतं.