यादीतून गेलेलं नाव

मतदानाच्या दिवशी आमच्या शेजारच्या काकू केंद्रावरून परत आल्या त्या रागातच. हातात मतदार ओळखपत्र, पण यादीत नाव नाही. "कार्ड सरकारनंच दिलंय ना, मग मत का देऊ देत नाहीत?" त्यांनी मला विचारलं. प्रश्न बिनतोड वाटतो. पण कायदा काकूंच्या बाजूनं नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार ज्याचं नाव यादीत, त्यालाच मत देता येतं. कार्ड फक्त ओळख पटवतं.

याद्यांचं हे दुखणं आजचं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची यादी करायची होती. नोंदणी करणारा दारात आला की पुष्कळ बायका, विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत, स्वतःचं नाव सांगतच नसत. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सेन यांनी खऱ्या नावाचा आग्रह धरला आणि अखेर सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी काढून टाकाव्या लागल्या. मला तो आग्रह पटतो. बाईला स्वतःच्या नावानं मत असावं, हे त्यामागचं तत्त्व मोठंच होतं. पण त्या २८ लाख जणींचं त्या वेळचं मत गेलं ते गेलंच.

आपल्याकडे आजही लग्नानंतर बाईचं आडनाव आणि पत्ता बदलतो, पुष्कळदा नावही. मग माहेरच्या यादीत नाव राहतं आणि सासरच्या यादीत चढत नाही, नाहीतर दोन्हीकडे राहतं. यादी चुकते ती अशी दोन्ही अंगांनी. वारलेले आजोबा यादीत असतात आणि धडधाकट नातू नसतो. दुबार आणि मृतांची नावं काढायलाच हवीत, याबद्दल दुमत नाही. भांडण आहे ते काढण्याच्या रीतीबद्दल.

बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमाराला कुलूप लावून कारखान्याच्या भागात जातो. पडताळणीला आलेल्या माणसाला दार बंद दिसतं. म्हणून तो 'स्थलांतरित' ठरतो का? १९५० चा कायदा सांगतो, की तात्पुरतं बाहेर गेल्यानं कुणाचं तिथलं रहिवासीपण संपत नाही. मृत्यूचं कारण सोडलं, तर नाव काढण्याआधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडण्याची संधी द्यावी, असंही तोच कायदा सांगतो. कागदावर सगळं चोख आहे. पण ज्याच्या नावे नोटीस निघाली तो फडात असेल, तर ती वाचणार कोण?

२०२५ साली बिहारमध्ये हाच वाद मोठ्या प्रमाणावर झाला. विशेष सखोल पुनरीक्षणात १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळाली. कुणाचं नाव का गेलं, हे आधी कळेना. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वगळलेल्यांची केंद्रनिहाय यादी कारणांसह जाहीर करा. त्यानंतर ती यादी लोकांसमोर आली. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत सुमारे ७ कोटी ४२ लाख नावं होती. मोहिमेपूर्वी ती ७ कोटी ८९ लाख होती.

मला वाटतं, त्यासाठी न्यायालयात जायची वेळच येऊ नये. समाविष्ट नावांची यादी जशी लागते, तशीच वगळलेल्यांची, कारणासकट, दर वेळी ग्रामपंचायतीत आणि वॉर्ड कार्यालयात लागावी. तीही वेळेवर, कारण उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव घालता येत नाही. मतदानाच्या दिवशी केलेली तक्रार म्हणजे वरातीमागून घोडं.

काकूंनी नंतर सहा नंबरचा अर्ज भरला. नाव पुन्हा यादीत आलं. ते गेलं कशामुळे, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.