नळ बंद, पंप चालू

मुळशीतल्या घोटावडे आणि आसपासच्या गावांत आता बंगल्यांच्या ओळी उभ्या राहिल्यात. कुणाची नोकरी हिंजवडीला, कुणाची पिरंगुटच्या कंपनीत. अशा दोन मजली घराच्या गच्चीवर ठरलेला संसार असतो: पाण्याची टाकी, सोलर आणि एक छोटा प्रेशर पंप.

पंप लागतो, कारण दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर एक किलो प्रेशर मिळतं. प्लंबर प्रेशर किलोतच सांगतात. एक किलो म्हणजे साधारण एक बार. वरच्या मजल्यावरचा शॉवर टाकीच्या तळापासून जेमतेम दोन मीटर खाली, म्हणजे प्रेशर पाव किलोसुद्धा नाही. आंघोळ कसली, नुसतं ठिबकणं. मग पंप बसतो. लाइनचं प्रेशर दीड किलोवर उतरलं की स्विच पंप चालू करतो, अडीचला बंद करतो. कुणी नळ उघडला नाही, तर गेजचा काटा अडीचच्या आसपास निवांत उभा राहायला हवा.

आमचा राहत नव्हता. रात्री सगळं घर झोपलेलं असताना गच्चीवरून घुर्रर आवाज यायचा, दोन-तीन सेकंदांत थांबायचा, थोड्या वेळाने पुन्हा. आणि सकाळी सोलरचं पाणी कोमट. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. सोलरचं खापर ढगांवर फोडून झालं होतं.

प्लंबर आला तो गावातलाच, तिशीचा. ‘पंपच बदलून टाकू का?’ असं विचारल्यावर म्हणाला, ‘थांबा काका, पंपाला हात नको. आधी गेज बघू.’ पंपाच्या पुढचा कॉक त्याने बंद केला आणि बिडी न पेटवता तशीच बोटात फिरवत काट्याकडे बघत बसला. काटा हलला नाही. म्हणजे पंपाच्या बाजूचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) धड आहे, पाणी उलटं टाकीत जात नाही. जे काही जातंय ते घराच्या बाजूला. तो काटा तेव्हाच उतरला असता, तर एनआरव्हीच्या पट्टीखाली कचरा अडकलाय हे तिथेच कळलं असतं. एका कॉकने अर्धी यंत्रणा संशयितांच्या यादीतून वगळली गेली.

कॉक उघडला आणि काटा सरकायला लागला. पहिला संशय नेहमी फ्लशच्या टाकीवर. आतला वायसर झिजला की पाणी भांड्याच्या कडेने गुपचूप उतरतं, दिसत नाही. टाकीत खायचा रंग टाकून फ्लश न करता थांबायचं. भांड्यात रंग उतरला तर चोर सापडला. आमच्या भांड्यांत पाणी स्वच्छच राहिलं. मग एकेका बाथरूमचा कॉक बंद करत तो खाली आला. वरच्या बाथरूमचं गार पाणी बंद केलं आणि काटा थबकला.

पण तिथे एक थेंबही कुठे गळत नव्हता. भिंतीला ओल नाही, फरशी कोरडी. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक मिक्सरला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मलाही ऐकायला दिली. आत बारीक सूं असा आवाज, पाणी वाहत असल्याचा.

हँड शॉवरला आमच्याकडे हातातच बटण आहे. आंघोळ झाली की मुलं ते बटण दाबून पाणी थांबवतात आणि मिक्सरचे दोन्ही नॉब उघडेच ठेवतात. गार लाइनवर पंपाचं अडीच किलो प्रेशर. गरम लाइन मात्र सोलरच्या टाकीवरून साध्या उताराने येते, कारण काचेच्या नळ्यांचा आमच्यासारखा सोलर प्रेशर सहन करायला बनवलेलाच नसतो. त्याची व्हेंटची नळी वर आकाशाकडे उघडी असते. मग गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतं, उलटं चढत सोलरच्या टाकीत जातं आणि तिथलं पाणी थंड करत मूळ टाकीत परत येतं. पाण्याचा थेंबही वाया जात नाही. जाते ती दिवसभर साठवलेली ऊब, आणि वर वीज. पावसाळ्यातच काय, लख्ख उन्हातही सकाळी कोमट पाणी का, याचं उत्तर हे होतं.

गरम लाइनवर पितळी एनआरव्ही बसला आणि उलटा प्रवास थांबला. मुलांना नॉब बंद करायची शिस्त लावणं हा त्याहून स्वस्त उपाय, पण कोणता टिकाऊ हे पालकांना सांगायला नको.

एवढं झालं तरी नळ जरासा उघडला की पंप चालू-बंद, चालू-बंद. पंपाजवळच्या गोल प्रेशर टाकीत रबराचा फुगा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी दबत नाही, हवा दबते. म्हणून हवा आहे तोवर पेलाभर पाणी गेलं तरी प्रेशर टिकतं. हवा संपली की चमचाभर पाण्यानेही काटा कोसळतो. टाकीच्या बुडाशी गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. पंप बंद करून, नळ उघडून लाइन रिकामी केली आणि टायरचा गेज लावला: शून्य. पिन दाबल्यावर पाणी उडालं असतं तर फुगा फाटलेला. आमची नुसती हवा गेली होती. पायपंपाने अठरा-एकोणीस पीएसआय भरली, म्हणजे चालू होण्याच्या प्रेशरपेक्षा थोडी कमी. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच.

इंग्लंडात राहणाऱ्या नातेवाइकांचं गाऱ्हाणं ऐकलं की कळतं, यंत्र वेगळं, चोर तेच. तिथे घर गरम ठेवणाऱ्या बॉयलर आणि रेडिएटरच्या बंद वळशात गार असताना एक ते दीड बार प्रेशर हवं. काटा पडला की लोक कॉक उघडून पुन्हा पाणी भरतात आणि महिनोन्‌महिने तेच करत राहतात. दरवेळी ताजं पाणी ताजा ऑक्सिजन घेऊन येतं आणि रेडिएटर आतून गंजतो. खरं कारण बहुधा गळका जोड, हवा गेलेली टाकी किंवा तीन बारला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह नीट न मिटणं. आपल्या तांब्याच्या बंबाला ही कटकटच नव्हती. तोंड उघडं, दाबाचा प्रश्न मिटला.

गिझरला मात्र तोंड नाही. मुळशीच्या पावसात चार महिने सोलर नावालाच, तेव्हा गिझरच चालतो. पंचवीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर गेलं की साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास फुगतं. ते जास्तीचं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून थेंबथेंब बाहेर पडतं, आणि पडायलाच हवं. गिझर थंड असतानाही सतत ठिबकत असेल तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलाय किंवा लाइनचं प्रेशर जास्त आहे. व्हॉल्व्ह बिघडला असेल तर बदलून घ्या. पण फरशी ओली होते म्हणून त्या नळीला बूच मारणारी माणसं मी पाहिली आहेत. थर्मोस्टॅट बिघडला आणि ती वाट बंद असली, तर गिझर फुटू शकतो. नळी बादलीत सोडा, बूच कधीही मारू नका.