डांबरात पाणी!

डांबरी रस्त्याचा वैरी कोण? पावसाळ्यात एकदा तरी खड्डा चुकवलेला कुणीही सांगेल : पाणी. आणि कमी तापमानात रस्ता करायचा म्हटल्यावर इंजिनिअरांनी मदतीला कुणाला बोलावलं? त्याच पाण्याला!

मुळात डांबर तापवायचं कशाला? थंड डांबर इतकं घट्ट असतं, की खडीला नीट लागतच नाही. म्हणून खडी आणि डांबर दोन्ही दीडशे-एकशेसाठ अंशांपर्यंत तापवतात. गंमत म्हणजे या मिश्रणात सुमारे ९५ टक्के खडीच असते. जळण मुख्यतः दगड तापवण्यात आणि सुकवण्यात जातं!

१९९०च्या दशकात युरोपात, नॉर्वे आणि जर्मनीत, शोध सुरू झाला : उष्णता कमी ठेवूनही मिश्रण नीट कालवता येईल का? एक उत्तर निघालं, तापलेल्या डांबरात किंचित पाणी सोडायचं. कढत तेलात पाण्याचा थेंब पडला, की केवढा तडतडाट होतो! वाफ होताना पाणी सुमारे १६०० पट फुगतं. डांबराचा फेस होतो आणि तो कमी तापमानातही खड्याखड्याला लपेटतो.

दुसरी युक्ती आणखी अजब. झिओलाइट नावाच्या खनिजाच्या स्फटिकांत वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतकं पाणी दडलेलं असतं, तरी पूड हाताला कोरडीच! तापली, की ती बेताबेताने वाफ सोडते. काही ठिकाणी मेण किंवा रसायनंही वापरतात.

फायदा? तापमान २० ते ४० अंशांनी उतरतं. जळण वाचतं, मजुरांच्या नाकातोंडात जाणारा धूर घटतो, डांबर कमी करपतं. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

मग सगळे रस्ते असेच का होत नाहीत? एक तर यंत्रं आणि रसायनं यांचा खर्च. शिवाय कमी करपलेलं डांबर सुरुवातीला मऊ राहतं, जड ट्रकांखाली चाकोऱ्या पडू शकतात. आणि मोठी अडचण पुन्हा पाण्याचीच! खडी कमी तापली, तर तिच्या बारीक छिद्रांतली ओल मागे राहते आणि डांबराची पकड सुटते. त्यावर चुन्याची पूड किंवा चिकटपणा वाढवणारी रसायनं घालतात.

फेसासाठीचं पाणी मोजून घालता येतं, खडीत मुरलेलं नाही. आपल्याकडे पावसाळा सरताच रस्त्यांची कामं निघतात, तेव्हा खडीच्या ढिगांच्या पोटात ओल असतेच. म्हणजे एवढ्या हुशार तंत्राची पहिली गरज कोणती? खडीवर एक साधं छप्पर!