काचेच्या आतला बेस

भिलाईच्या टाउनशिपमध्ये घराचा पत्ता सेक्टरच्या आकड्याने सांगतात आणि बाजाराचा पत्ता ‘सिविक सेंटर’ या दोन शब्दांत संपतो. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि पोलाद कारखान्याबरोबर आखीव रस्त्यांचं हे गाव वसत गेलं. इंदिरा प्लेस, नेहरू आर्ट गॅलरी आणि दुकानांच्या रांगा असलेल्या सिविक सेंटरला संध्याकाळी गाड्या येऊन लागतात. त्यांतल्या एखाद्या गाडीच्या काचा बंद असतात, गाण्याचे शब्द कळत नाहीत, चालही ओळखू येत नाही. नुसती धमधम तेवढी बाहेर येते आणि बाजूच्या गाडीचा आरसा थरथरतो.

बेसची आवड या पट्ट्याला नवी नाही. नागपूरहून पूर्वेला निघालं की गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि पुढे रायपूर, या सगळ्या वाटेवर वरातीत आणि मिरवणुकीत धुमाल वाजते. ढोल-ताशे, ऑक्टोपॅड, कॅसिओ आणि ट्रकवर चढवलेले स्पीकर असा तिचा सरंजाम. त्या ट्रकमागे नाचलेल्या पोराने पहिली गाडी घेतली की तिच्यातला ‘कंपनी फिटेड’ आवाज त्याला पातळ वाटतो. मग तो कार डेकोरवाल्याकडे जातो आणि म्हणतो, “भैया, बेस बढ़ा दो.” त्या चार शब्दांमागे वीज, पत्रा, हवा आणि कायदा यांचं बरंच काही दडलेलं असतं.

कंपनी काय देते

साधारण छोट्या गाडीत पुढच्या दारांत साडेसहा इंची दोन स्पीकर असतात, मागच्या दारांत तसेच किंवा त्याहून लहान दोन, आणि डॅशबोर्डमध्ये टचस्क्रीनचा डेक. स्पीकरचा कोन बहुधा कागदी, चुंबक लहान, वजन हलकं. कंपनीला हजारो गाड्यांवर प्रत्येकी काही रुपये आणि काही ग्रॅम वाचवायचे असतात, आणि ती बचत दाराच्या पॅडमागे कुणाला दिसत नाही.

दुसरी मर्यादा बॅटरीची. इंजिन चालू असताना गाडीत फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. चार ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टवर डेकमधली चिप कागदोपत्री सव्वीसेक वॅट देऊ शकते, प्रत्यक्षात पंधरा ते वीस. डेकच्या खोक्यावर मात्र ‘५० वॅट × ४’ असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा अगदीच हवेतला नाही. १४.४चा वर्ग करून चाराने भागला की बावन्नच्या आसपास येतो. पण तो आवाज पार फाटल्यावरचा कमाल आकडा झाला. स्वच्छ, सलग आवाजाचा नव्हे. म्हणून जाणता फिटर खोक्यावरचा मोठा आकडा बघतच नाही, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट किती ते विचारतो.

तिसरी अडचण कानाची. माणसाचा कान खालच्या स्वरांना मुळात मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. आवाज हळू केला की आधी बेस नाहीसा होतो तो यामुळेच, आणि जुन्या स्टिरिओवरचं ‘लाउडनेस’चं बटण ही त्यावरचीच तोड होती. त्यात स्पीकरचं काम खाली जावं तसं अवघड होत जातं. शंभर हर्ट्झला जेवढा दाब मिळतो तेवढाच पन्नास हर्ट्झला हवा असेल, तर कोनला चौपट मागेपुढे हलावं लागतं. साडेसहा इंची कागद तेवढा हलत नाही. हलवायला गेलं तर फडफडतो. त्यामुळे कंपन्या आणखी एक काम करतात: आवाज वाढवत नेला की काही गाड्यांतला प्रोसेसर बेस आपोआप कमी करतो, म्हणजे स्पीकर फाटत नाही आणि वॉरंटीचे दावे येत नाहीत.

कंपनीने ठरवलं तर ती उत्तम आवाज देऊ शकते, हे १९८३च्या मॉडेलांपासून जगाला ठाऊक आहे. त्या वर्षी जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत, त्या गाडीच्या आतल्या मोकळ्या जागेसाठीच आखलेली बोसची सिस्टिम आली. बोस कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले. आज पुण्याजवळ चाकणला हरमन या ऑडिओ कंपनीचा कारखाना आहे, महिंद्राच्या एक्सयूव्ही ७००मध्ये सोनीचे बारा स्पीकर आले. पण हे सगळं वरच्या मॉडेलांत. खालचं मॉडेल घेणाऱ्याला चार स्पीकर आणि चिमटीत मावेल एवढं चुंबक.

कामाचा क्रम

पैसे आधी वूफरवर उडवायचे नाहीत, हे या कामातलं पहिलं शहाणपण. सुरुवात दारापासून करायची. दाराचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. (भिलाईत रूळ, जाड प्लेटा आणि वायर रॉड होतात; गाड्यांचा पातळ पत्रा इथला नव्हे.) पॅड उघडलं की आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं दिसतात. स्पीकर पुढे हवा ढकलतो त्याच वेळी मागे ओढतो, आणि मागची लहर त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या लहरीला खाऊन टाकते. भोकं बंद करून पत्र्याला डॅम्पिंगची शीट चिकटवली की त्याच कंपनीच्या स्पीकरमधून ढोलकीची थाप अंगावर येते. शीट ब्युटाइल रबराची घ्यावी. डांबराची स्वस्त पडते, पण दुर्ग-भिलाईच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती वितळून ओघळते आणि वास मारते. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मात्र उघडीच ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात पत्रा आतून गंजतो.

मग पुढचे दोन स्पीकर. जास्त वजनाच्या कोनचे घेतले तर त्यांना डेकची ताकद पुरत नाही. म्हणून कमी वॅटवर मोठा आवाज देणारा, म्हणजे जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर निवडायचा. मागच्या दारांवर खर्च केला नाही तरी चालतो. ऐकणारा पुढेच बसलेला असतो.

खऱ्या अर्थाने खालचा स्वर हवा असेल तर सबवूफर लागतो, आणि इथे जागेचा प्रश्न येतो. डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर खोका ठेवायला जागाच नाही. अशांसाठी सीटखाली सरकणारा आठ इंची चपटा सबवूफर निघाला आहे, त्याच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो. तो जमीन हादरवत नाही, पण डग्ग्याची घुमक आणि तंबोऱ्याच्या खर्जाची तार पोकळ वाटणं थांबतं. सीटखाली मागच्या एसीची नळी जाते का ते आधी बघावं, आणि पिवळ्या कनेक्टरला हात लावू नये. त्या तारा एअरबॅगच्या असतात.

डिक्की मोकळी असेल तर बेसट्यूब की खोका, हा जुना वाद आहे. गोल बेसट्यूब आपल्याकडे स्वस्तात मिळते आणि भरपूर गरजते, कारण तिच्या भोकातून येणारी हवा एका ठरावीक स्वराला जोर देते. गाणं कुठलंही असो, तोच एक स्वर घुमत राहतो. चहूबाजूंनी बंद असलेल्या खोक्यातला दहा इंची वूफर आवाजाला थोडा कमी पडतो, पण डग्ग्यावरची मींड सरकताना त्यात ऐकू येते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी खोक्याचं आकारमान आणि स्पीकर यांचं गणित मांडलं. वूफरबरोबर येणाऱ्या कागदावरचे बारीक आकडे त्यांच्याच नावाचे. तो कागद न बघता प्लायवूड कापणाऱ्या सुताराकडून खोका करून घेणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

गाडीच्या बाजूने एक गोष्ट आहे. बंद केबिन लहान असते, म्हणून अगदी खालचे स्वर तिच्यात आपोआप वाढतात. आतली लांबी तीन मीटर धरली तर साधारण सत्तावन्न हर्ट्झच्या खाली हा फायदा सुरू होतो. घरच्या हॉलमध्ये मोठा खोका जे करतो ते गाडीत लहान खोक्याने साधतं. काच उघडली की हा फायदा गेला. बेस दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी काच खाली करणारा स्वतःचाच बेस घालवतो.

तार, फ्यूज आणि कपलर

पाचशे वॅट आरएमएसचा अॅम्प पूर्ण जोरात चालला तर तो पंचेचाळीस अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. लहान गाडीच्या अल्टरनेटरची एकूण क्षमताच सत्तर-नव्वद अँपिअर असते, आणि त्यातून एसीचा पंखा, हेडलाइट, वायपर चालायचे असतात. म्हणून अॅम्पची तार थेट बॅटरीवरून येते, जाड असते, आणि तिच्यावर बॅटरीपासून वीतभर-हातभर अंतरातच फ्यूज हवा. तो फ्यूज अॅम्पला वाचवण्यासाठी नसतो. बोनेटमधून आत येताना तार पत्र्याला घासली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. बाजारातल्या स्वस्त वायरिंग किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. जाडी तीच दिसते, करंट कमी वाहतो. अर्थिंगची तार रंग खरवडून उघड्या पत्र्याला पक्की करायची. ती ढिली राहिली की इंजिनच्या वेगाबरोबर स्पीकरमधून शिट्टी वाजू लागते.

अनेक नव्या गाड्यांत डेक बदलता येत नाही, कारण एसी आणि मागचा कॅमेरा त्याच पडद्यावर असतो. मग अॅम्पसाठी स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घ्यायचा. तिथे कंपनीची तार कापायची की तयार कपलर लावायचा, यावरून फिटरची पारख होते. कापलेली तार दिसली की सर्व्हिस सेंटर विजेच्या कुठल्याही तक्रारीचं खापर तिच्यावर फोडू शकतं. आणि मागाहून बसवलेला माल विमा कंपनीला कळवून जादा हप्ता भरलेला नसेल, तर चोरी झाल्यावर त्याचे पैसे मिळत नाहीत.

मीटर काय ऐकतो

मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांपासून गाडी बदलण्याला मनाई करतं. सबवूफर त्यात येत नाही. पण आवाजाचे नियम गाडीलाही लागू आहेत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, बाजारपेठेसाठी ६५ आणि ५५ अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. धुमाल-डीजेच्या गाड्यांबाबत बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने कडक भूमिका घेतली आहे.

गोम अशी की नियमातले हे डेसिबल ‘ए’ मापाचे आहेत. हे माप कानाच्या मंदपणाची नक्कल करतं, म्हणजे खालचे स्वर कमी धरतं. पन्नास हर्ट्झला ते सुमारे तीस डेसिबल वजा करतं. प्रत्यक्षात ८५ डेसिबलची धमधम चालू असली तरी आवाज मोजणाऱ्या मीटरवर पंचावन्नच दिसतात: निवासी भागाची दिवसाची मर्यादा जेमतेम गाठलेली, मोडलेली नाही. त्यातून भिंती आणि काचा वरचे स्वर अडवतात, खालचे जाऊ देतात. शेजाऱ्याच्या खोलीत गाणं पोचत नाही, फक्त तो भाग पोचतो जो मीटरने माफ केलेला असतो.

भिलाईत याला वेगळं वजन आहे. कारखान्याच्या पाळ्या सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाला बदलतात. नियमातली रात्र आणि तिसरी पाळी यांच्या वेळा तंतोतंत जुळतात. जो माणूस कायद्याच्या रात्रभर भट्टीपाशी उभा असतो, तो कायद्याच्या दिवसा झोपतो. सेक्टरमधल्या कुठल्याही गल्लीत दुपारी बारा वाजता कुणीतरी गाढ झोपेत असतं, आणि त्याच्या बाजूने बोलणारा आकडा नियमांत नाही.

म्हणून या गावात बेस वाढवण्याची कसोटी हळू आवाजात घ्यायला हवी. आवाज चार घरांवर असताना डग्गा भरीव लागतो का? लागत नसेल तर दारं, फेज (वूफर आणि दारातले स्पीकर एकाच वेळी पुढे हलतात की उलटसुलट) किंवा खोका यांत कुठेतरी चूक आहे. वॅट वाढवून ती झाकली जाते, जात नाही. सबवूफर ऐंशी हर्ट्झच्या खालीच ठेवायचा, म्हणजे तो डिक्कीत असूनही तबला समोर वाजल्यासारखा वाटतो. फेजचं बटण एकदा इकडे, एकदा तिकडे करून जिकडे बेस भरतो तिकडे सोडायचं. मग काचा लावून गाडीबाहेर चार पावलं जायचं आणि ऐकायचं. बाहेर धमधम येत असेल तर अॅम्पचा गेन कमी करायचा, बेस आत शाबूत राहील इतपतच.

आणि फिटरला एक नॉब नक्की मागायचा. अॅम्पपासून तार आणून तो गिअरजवळ बसवतात, बऱ्याच अॅम्पबरोबर तो येतोही, पण अनेकदा पॅकिंगच्या खोक्यातच राहतो. महामार्गावर टायरच्या आवाजात बेस बुडतो तेव्हा तो वर करता येतो आणि सेक्टरच्या वळणावर, गाणं न थांबवता, शून्यावर आणता येतो. सगळ्या कामातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू. मीटर जे ऐकत नाही त्याचा बंदोबस्त करण्याची सोय तेवढी तिच्यातच आहे.