नव्या टीव्हीवर ठिपका दिसला, तर?

५५ इंची टीव्ही भिंतीवर लागला, घरच्यांनी पेढे खाल्ले, आणि तिसऱ्या दिवशी बातम्या बघताना उजव्या बाजूला एक हिरवा ठिपका चमकताना दिसला. घरात लगेच दोन मतं होतात. एक म्हणतं, एवढ्याशा ठिपक्याने काय बिघडतंय? दुसऱ्याची नजर मात्र आता तिथून हलत नाही. या दुसऱ्याचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण टीव्ही पुढची सात-आठ वर्षं त्यालाही बघायचा आहे.

सगळ्यात आधी तारीख पाहावी. ऑनलाइन घेतलेला टीव्ही बदलून मिळण्याची मुदत बहुधा ७ ते १० दिवसांची असते आणि ती साधारणपणे टीव्ही घरी पोहोचल्यापासून मोजतात, भिंतीवर लागल्यापासून नाही. आपण बसवणाऱ्या माणसाची वाट बघत चार दिवस खोकं तसंच ठेवतो आणि निम्मी मुदत तिथेच जाते. खोकं आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत रद्दीवाल्याला देऊ नये. बदली टीव्ही न्यायला आलेला माणूस पहिल्यांदा तेच मागतो.

मग टीव्ही बंद करून कोरडं, मऊ कापड अलगद फिरवावं. आमच्या शेजारी तक्रार लिहून तयार होती. कापड फिरवलं आणि तो ‘डेड पिक्सेल’ कापडावर आला. भिंतीच्या रंगाचा वाळलेला शिंतोडा होता.

पुसूनही ठिपका राहिला, तर तो पिक्सेल असू शकतो. पिक्सेल म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके. फोर-के पडद्यावर ते ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे भाग असतात. कायम काळा राहतो तो डेड पिक्सेल. एकाच रंगात अडकून पेटलेला राहतो तो स्टक पिक्सेल. भराभर रंग बदलणारा व्हिडिओ थोडा वेळ लावून ठेवला, तर अडकलेला कधीकधी सुटतो. काळा सहसा सुटत नाही. बोटाने दाबून बघायचा मोह मात्र टाळावा. त्याने पॅनेलला, म्हणजे मूळ पडद्यालाच, इजा होऊ शकते.

आता पूर्ण पडद्याची तपासणी. पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं आणि करडं अशी सहा कोरी चित्रं पेनड्राइव्हवर घेऊन एकेक लावावीत. त्याऐवजी ऑनलाइन व्हिडिओ वापरू नये; तो दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे करड्या रंगावर नसलेले पट्टेही दिसू शकतात.

काळ्या चित्राच्या वेळी बरेच जण घाबरतात. एलईडी किंवा क्यूएलईडी टीव्हीत पडद्यामागे दिवे असतात आणि त्यांचा उजेड कडेने थोडा झिरपतो. याला बॅकलाइट ब्लीड म्हणतात. अंधारात मोबाइलने काढलेल्या फोटोत तो प्रत्यक्षापेक्षा भडक येतो, कारण मोबाइल अंधार बघून उजेड वाढवतो. म्हणून निर्णय फोटोवरून नको. रोज ज्या उजेडात बघता, त्यातच बघावं.

ओएलईडीत मागे दिवा नसतो, पण गडद करड्या रंगावर उभे पट्टे दिसू शकतात. टीव्ही रिमोटने बंद केल्यावर तो आतल्या आत पडदा सारखा करून घेतो. आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते; मग हे काम होतच नाही. सुरुवातीचे काही दिवस ते बटण चालूच ठेवावं.

खरी परीक्षा क्रिकेटची. चेंडू सीमारेषेकडे जातो, कॅमेरा हिरव्या मैदानावरून सरकतो, आणि मैदान सरकत असताना एक मळकट डाग पडद्यावर जागच्या जागी उभा राहतो. कोच, पलंग, जिथे बसता तिथूनच बघावं. तिथून डाग दिसत असेल, तर तो रोज दिसणार.

उभी किंवा आडवी रेघ असेल, तर विचार करत बसू नये. लगेच बदलून मागावा. अशा रेघा सहसा वाढतात. मध्यभागी पेटलेला ठिपकाही बदलूनच घ्यावा. कडेचा ठिपका दोन हातांवरूनच दिसत असेल किंवा कोपऱ्यातला उजेड फक्त काळ्या चित्रावर दिसत असेल, तर मी टीव्ही ठेवीन. बदलून येणारा पडदा याहून चांगलाच असेल, याची हमी नसते.

‘वॉरंटी आहेच, नंतर बघू’ असं म्हणून बरेच जण इथे फसतात. पडद्यांसाठीच्या आयएसओ ९२४१-३०७ या मानकात वर्गानुसार काही सदोष पिक्सेल चालवून घेतले आहेत, आणि कंपन्याही आपापली मर्यादा ठरवतात. एका ठिपक्यासाठी वॉरंटीत नकार मिळू शकतो. म्हणून तक्रार मुदतीतच, लेखी, व्हिडिओ जोडून करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. तंत्रज्ञ ‘हे नॉर्मल आहे’ म्हणाला, तर तेच त्याच्याकडून जॉबशीटवर लिहून घ्यावं.

तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५. ऑनलाइन विक्रेत्याने सदोष वस्तू परत घ्यायला नकार देऊ नये, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे.

बदली टीव्ही आला की ओटीपी सांगण्याआधी खोकं उघडायला लावून पडदा फुटलेला नाही ना, ते पाहावं. मग त्याच संध्याकाळी पेनड्राइव्ह पुन्हा लावावा.