तीन सेंटिमीटर, तीन महिने

नशेच्या चाचणीसाठी शेंडी ठेवतात साधारण त्याच जागेवरून केस घेतात. तिथली वाढ सगळ्यांत एकसारखी. उपटायचे नाहीत. पेन्सिलीच्या जाडीची बट आधी दोऱ्यानं बांधायची, मग टाळूला लागून कातरायची आणि मुळाकडचं टोक कुठलं ते फॉइलवर लगेच लिहायचं. तिथे गफलत झाली की सगळा काळ उलटा. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळाकडचे ३ सेंटिमीटर म्हणजे गेले तीन महिने. लघवीतून कोकेनच्या खुणा बहुधा दोन-चार दिवसांत जातात, त्यासाठी ही खटपट. मात्र कालची नशा इथे सापडत नाही. केसाचा तो भाग टाळूबाहेर यायलाच आठवडाभर लागतो.

प्रयोगशाळेत मी रेंगाळलो ते धुण्यापाशी. बट डायक्लोरोमिथेनमध्ये घालून हलवली, मग ॲसिटोनमध्ये. शेवटचं धुवण मात्र ओतून दिलं नाही. वेगळ्या कुपीत, वेगळी चिठ्ठी लावून तेही तपासणीला. कारण दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर केसावर बसतो, पावडर लागलेला हात केसांतून फिरतो. मग केसांची पूड, मिथेनॉल, आणि शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर. नुसतं कोकेन दिसून भागत नाही, शरीरात त्यापासून बनणारं बेंझॉइलएकगोनिनही हवं. कोकेनसाठी रूढ मर्यादा मिलिग्रॅम केसामागे ०.५ नॅनोग्रॅम. गांजाचं काम त्याहून नाजूक: शरीरातच तयार होणारा त्याचा घटक ०.२ पिकोग्रॅमपर्यंत शोधावा लागतो.

एवढं करूनही आकड्यावरून ‘किती घेतलं’ ते सांगता येत नाही. काळ्याभोर केसातलं मेलॅनिन कोकेन जास्त धरून ठेवतं, ब्लीच केलं की ते कमी होतं. म्हणजे सारखंच घेणाऱ्या दोघांचे आकडे वेगळे! न्यायालयात हे कोणी विचारतं का, मला शंकाच आहे.

टोरोंटोत ते वेळेवर विचारलं गेलं नाही. तिथल्या मोठ्या बाल रुग्णालयाची मदरिस्क प्रयोगशाळा आयांचे केस तपासून बालसंरक्षण संस्थांना अहवाल द्यायची; २०१० पर्यंत तर पुष्कळदा फक्त प्राथमिक चाचणीवर, मास स्पेक्ट्रोमीटरनं खातरजमा न करता. २०१५ मध्ये माजी न्यायाधीश सुझन लँग यांनी हे काम अपुरं आणि अविश्वसनीय ठरवलं. त्यानंतर नेमलेल्या आयोगानं हजारावर प्रकरणं चाळली. ५६ प्रकरणांत या चाचण्यांचा निकालावर मोठा परिणाम झाला होता, आणि तोवर त्यांतली काही मुलं दत्तक गेलेली होती.