वाकडे जुळलेले हाड आणि वाढते वय

सायकलवरून किंवा झोपाळ्यावरून पडताना मूल नकळत तळहात पुढे टेकते आणि सारा भार कोपर व मनगट यांमधील रेडियस आणि अल्ना या दोन हाडांवर येतो. सुमारे सहा आठवड्यांनी प्लास्टर निघते; हात किंचित वाकडा दिसला, की घरातील वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात. ही चिंता काही वेळा अनाठायी असते, काही वेळा मात्र रास्त.

बालकाचे हाड वाढते असल्याने ते आपला बाक पुष्कळदा स्वतःच सरळ करते. रेडियसची सुमारे तीन चतुर्थांश वाढ मनगटाकडील टोकाला होते. म्हणून आठ-नऊ वर्षांखालील मुलात मनगटाजवळ राहिलेला बाक बहुधा एक-दोन वर्षांत भरून निघतो. हाडाच्या मध्यभागी ही शक्यता कमी असते. दहाव्या वर्षानंतर ती आणखी घटते. हाड पिळले जाऊन जुळले असेल, तर तो पीळ वाढीने सहसा सुटत नाही.

खरी कसोटी दिसण्यात नसून हालचालीत आहे. मुलाने कोपरे अंगाशी टेकवून दोन्ही तळहात आधी वर, मग खाली वळवावेत. दुखावलेला हात मागे राहत असेल, तर ओंजळ धरण्यासारखी साधी क्रियाही अवघड होते. मध्यभागी २० अंशांचा बाक राहिल्यास हात वळवण्याची क्षमता लक्षणीय घटते.

फ्रेंच वैद्य निकोला आंद्री यांनी १७४१ मध्ये ‘ऑर्थोपेडी’ हा शब्द ‘सरळ’ आणि ‘बालक’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून घडविला. त्यांच्या ग्रंथातील खुंटाला बांधलेले वाकडे झाड आज अस्थिशल्यशास्त्राचे बोधचिन्ह झाले आहे.

असा आधार वेळेवर मिळावा लागतो. सूज ओसरल्यावर प्लास्टरच्या आतही हाड सरकू शकते. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतील एक्स-रे टाळू नयेत. तेव्हा हाड पुन्हा बसवणे तुलनेने सोपे असते; पूर्ण जुळल्यावर मात्र ते कापून, सरळ करून पट्टी बसवावी लागते.

प्लास्टर किंवा हाडवैद्याची बांधणी घट्ट होऊन वेदना वाढत असतील, बोटे सरळ करताना असह्य कळ येत असेल अथवा ती बधिर, फिकट पडत असतील, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्तपुरवठा काही तास तुटला, तरी स्नायूंची कायमची हानी होते.